फोल्डर जोडून देणारे तांबोळीभाऊ

मी माझा लॉगिनचा पासवर्ड टाइप करायला लागले की तांबोळीभाऊ चटकन पाठ फिरवत आणि खिडकीबाहेर बघत उभे राहत. मग तिकडेच तोंड ठेवून विचारत, "काल राती काय केलंवतं, मॅडम?"

"पिठलं," मी सांगायची.

"पिठलं बरं. आमच्या खानावळीत काल बी बटाटाच."

भोरच्या आमच्या कॉलेजात ते कॉम्प्युटर विभागाचे सहायक होते. व्हायरसला कंटाळून आम्हा शिक्षकांच्या मशीनवर विंडोज जाऊन लिनक्स आलं. पण प्रत्येकाचा होम फोल्डर, म्हणजे प्रश्नपत्रिका, निकाल, नोट्स असं सगळंच, ऑफिसातल्या विंडोज सर्व्हरवर राहिलं. तो फोल्डर रोज सकाळी लिनक्सला जोडून घ्यावा लागे आणि त्यासाठी लागणारा सर्व्हरचा मुख्य पासवर्ड फक्त भाऊंकडे. त्यामुळे सकाळी आल्या आल्या एकच गलका व्हायचा, "भाऊ, माझा फोल्डर!" भाऊ चष्मा सावरत टेबलाटेबलाशी जात. काम एका मिनिटाचं, पण भाऊंना ते तेवढ्यात कधी जमलं नाही. कुणाच्या आईचा गुडघा, कुणाच्या मुलाची दहावी, सगळी चौकशी झाल्याशिवाय त्यांचं बोट काही एंटरवर पडत नसे.

मी कधी वैतागून म्हणे, "भाऊ, हे आपोआप उघडत नाही का हो?"

"न्हाई ना, मॅडम. ते विंडोजवालं, हे लिनक्सवालं. वळख करून द्याया मधी कुणीतरी लागतंच की."

बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन लांब सोलापूरकडे. वेल्ह्याकडचं गाव केव्हाच सुटलेलं. एसटी स्टँडमागच्या एका खोलीत ते एकटे राहत. एकदा दिवाळीच्या सुट्टीआधी सगळे घरी पळायच्या घाईत होते आणि भाऊ मात्र बंद केलेल्या मशीनवरची धूळ पुसत बसले होते. "औंदा सुट्टी लई लांबवली," ते म्हणाले. मीही परगावची, खोली करून राहणारी. मला ते बरोबर कळलं.

निवृत्तीच्या दिवशी त्यांचा सत्कार झाला, शाल-नारळ झाला. संध्याकाळी विसरलेली छत्री घ्यायला मी परत आले, तर भाऊ माझ्या मशीनसमोर.

"काय चाललंय, भाऊ?"

"कमांडची एक ओळ घालतोय. उद्यापास्नं तुमी लॉगिन केलं की फोल्डर आपसूक उगडंल. समद्यांच्या मशिनीवर घातली."

"ही ओळ तुम्हाला सापडली कधी?"

"पयल्याच आठवड्यात."

"मग इतकी वर्षं...?"

भाऊंनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाला पुसत राहिले. "आधीच घातली असती, तर मला हाक कुणी मारली असती, मॅडम?"

रागवावं असं त्यात काहीच नव्हतं. भाऊ उठले, खुर्ची टेबलाखाली सारली आणि "येतो" म्हणून गेले.

दुसऱ्या दिवशी मी लॉगिन केलं आणि फोल्डर खरंच समोर उघडला. सगळ्यांचेच उघडले. "चला, कटकट गेली," शेजारचे सर स्वतःशीच म्हणाले. कुणी खुर्चीवरून उठलं नाही, कुणी मान वर केली नाही. त्या दिवशी माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो वर्गात, हजेरी घेताना.