गायिका अज्ञात

रत्नाकर बोरकर जबलपूरच्या विद्यापीठात लागला तो १९७४ साली. त्याआधी तो चेरीतालच्या एका दुकानात रेडिओ दुरुस्त करायचा. बाप भंडाऱ्याकडून येऊन तोफांच्या कारखान्यात लागलेला आणि लवकरच वारलेला. धाकटी बहीण हेमलता लग्न होऊन पुन्हा भंडाऱ्यालाच गेली होती. अधारतालच्या दोन खोल्यांत आई भागीरथा आणि तो, एवढंच घर.

विद्यापीठात संगीत आणि ध्वनितंत्राचं संशोधन केंद्र नुकतंच निघालं होतं. तिथला मोठा टेपरेकॉर्डर आल्यापासून बंद पडून होता. केंद्राच्या प्रमुख प्रमोदिनी व्यवहारे यांनी रत्नाकरला दुकानातून बोलावून घेतलं. त्यानं अर्ध्या दिवसात तो चालू करून दिला. बाई इतक्या खूश झाल्या, की त्यांनी त्याला रोजंदारीवर ठेवूनच घेतलं.

त्याच दिवशी चहा पिताना त्यांनी सहज विचारलं, "बोरकर म्हणजे गोव्याकडचे का रे तुम्ही?"

"हो," रत्नाकर म्हणाला, "मूळचे तिकडलेच."

कोणी त्याच्या मानेवर सुरी धरली नव्हती. तोंडातून निघून गेलं. पण एकदा निघालं ते निघालंच. बाई त्याला डब्यातली पोळीभाजी वाढायच्या, मदन महल भागातल्या आपल्या घरी बोलावून स्वयंपाकघरात पाटावर बसवायच्या, आणि तो मान खाली घालून जेवायचा. सत्त्याहत्तर साली केंद्रात तंत्रसहायकाची कायम जागा निघाली. ती राखीव होती, अर्जाला जातीचा दाखला जोडायचा होता. रत्नाकरनं तारीख जाऊ दिली आणि घरी सांगितलं, की जागा भरलीच नाही. रोजंदारी चालूच राहिली.

पुढच्या वर्षी बाईंनी जबलपुरातल्या मराठी बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवायला घेतल्या. पाचसहा जणी झाल्या, पण कुणालाही दोन-चारच्या वर येईनात. बाई निराश होऊन बसल्या होत्या. ते पाहून रत्नाकर बोलून गेला, की आमच्या मोहल्ल्यात एक बाई आहे, तिला पुष्कळ येतात. बाईंनी लगेच दिवससुद्धा ठरवून टाकला.

घरी त्यानं आईला सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, "तिथं मला नावानं हाक नको मारू. मी तुझा मुलगा हाय म्हणून नको सांगू."

"काहून?"

"ऑफिसचा नियम हाय."

भागीरथानं भाकरी उलटली. पुढं काही विचारलं नाही.

ठरल्या दिवशी ती धुतलेलं लुगडं नेसून एकटीच रिक्षानं आली. स्टुडिओत पोतं अंथरून जातं मांडलं होतं, जात्याजवळ एक माइक आणि तोंडासमोर दुसरा. काचेच्या अलीकडे रत्नाकर कानाला हेडफोन लावून बसला. भागीरथानं खुंटा धरला, एक फेरा दिला आणि काचेकडे पाहून विचारलं, "साहेब, करू का सुरू?"

त्यानं मान हलवली.

ती माहेरच्या ओव्या गायली, भावाच्या गायली, लेकीला सासरी धाडल्याच्या गायली. आवाज जरासा फाटलेला, पण सुराला पक्का. रत्नाकरच्या कानात तिचा प्रत्येक श्वास येत होता. तो एका ठिकाणी डोळे लावून वाट पाहत होता, कारण आईच्या खऱ्या ओव्या अजून यायच्या होत्या. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर तिनं स्वतः रचलेल्या बाबासाहेबांच्या ओव्या. चाळीसच्या वर होत्या. पहाटे दळताना ती त्याच गायची. लहानपणी तो त्यांच्यावरच जागा व्हायचा. त्या आता आल्या तर तिची जात, आणि तिच्या मोहल्ल्यावरून त्याचीही, उघड होणार होती.

चौदा मिनिटांनी जातं थांबलं. बाई आत गेल्या आणि म्हणाल्या, "किती सुंदर गाता हो! आणखी काही?"

"नाही बाई," भागीरथा म्हणाली. "एवढ्याच येतात मला."

रजिस्टर भरायला बाईंनी नाव विचारलं. भागीरथा म्हणाली, "नाव नका लिहू, बाई. नावाचं काय करता." रत्नाकरचं अक्षर चांगलं, म्हणून नोंदी त्याच्याकडेच असायच्या. त्यानं लिहिलं: स्पूल क्रमांक २१७, जात्यावरच्या ओव्या, गायिका अज्ञात.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा ती तांदूळ निवडत होती. "झालं ना तुझं काम?" एवढंच तिनं विचारलं. त्या विषयावर मायलेकांचं त्यानंतर कधी बोलणं झालं नाही. बोलू, बोलू म्हणत दीड वर्ष गेलं, आणि थंडीत न्यूमोनियानं भागीरथा चार दिवसांत गेली.

हेमलता भंडाऱ्याहून आली. घरातली माणसं पांगल्यावर तिनं विचारलं, "दादा, तू दुनियेचे आवाज भरून ठेवतो. आईचा हाय का रे?"

तेव्हा त्यानं सांगितलं. सगळं, पहिल्या चहापासून. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती निघून गेली.

त्याच आठवड्यात रत्नाकर प्रमोदिनीबाईंच्या खोलीत गेला आणि उभ्या उभ्याच त्यांनाही सांगितलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या म्हणाल्या, "मी काय केलं असतं असं वाटलं तुला?"

याचं उत्तर त्यांच्याजवळ तरी होतं का, हे त्याला आजतागायत कळलेलं नाही. बाईंनी रजिस्टर मागवलं, 'अज्ञात'वर रेघ मारून 'भागीरथा बोरकर' असं लिहिलं आणि खाली सही केली. वागण्यात तसा काही फरक पडला नाही. डबासुद्धा पहिल्यासारखाच पुढं यायचा. फक्त त्या दिवसापासून त्या त्याला 'तुम्ही' म्हणू लागल्या.

बाबासाहेबांच्या राहिलेल्या ओव्या कुणाला येतात, हे बाईंनीच विचारलं. रत्नाकर रजा काढून भंडाऱ्याला गेला. हेमलतानं चहा दिला, भाच्यांना मामाच्या पाया पडायला लावलं. ओव्यांचं काढल्यावर ती म्हणाली, "सातआठ येतात मला. बाकीच्या आईसंगच गेल्या."

"त्या तरी गा. केंद्रात भरून ठेवू, आईच्या नावानं."

"जिथं ती तुला साहेब म्हणाली, तिथं मी नाही गाणार, दादा."

"मग मशीन इथं घेऊन येतो."

"नको आणू."

त्यानंतर दोन वेळा त्यानं पत्र टाकून विचारलं. उत्तरात पाऊसपाणी आणि मुलांच्या परीक्षा असायच्या, ओव्यांचं काही नसायचं. हेमलताही नव्वद साली गेली.

पंच्याऐंशी साली पुन्हा जागा निघाली तेव्हा रत्नाकरनं दाखला जोडून अर्ज केला आणि तो कायम झाला. पुढं लग्न झालं, सुहासिनी झाली. निवृत्तीनंतर एकदा त्या लेकीनं आजी काय गायची म्हणून विचारलं. तिला मराठी समजतं, बोलता मात्र हिंदीतच येतं. "पापा, गाके सुनाओ ना," ती म्हणाली. रत्नाकरनं प्रयत्न केला, पण जन्मभर दुसऱ्यांचे सूर तपासणाऱ्या त्या माणसाचा स्वतःचा सूर पहिल्याच ओळीत घसरला. मग तो वही घेऊन बसला. महिनाभर रोज सकाळी बसायचा. त्या चाळीसेक ओव्यांपैकी अकरा पुऱ्या आठवल्या. नऊंची पहिलीच ओळ आठवली, ती लिहून त्यानं खाली जागा कोरी सोडली.