मावशीची कच्ची शिवण

टाचणीमावशी रागीट होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. चित्रपटांच्या कपडेपटात तिची तीस वर्षं गेली होती. कॉलरला सतत आठ-दहा टाचण्या टोचलेल्या, म्हणून तिला हे नाव पडलं. बोलणंही तसंच, म्हणून ते टिकलं. भल्याभल्या नटांना ती चारचौघांत सुनवायची, "पोट आत घ्या, नाहीतर बटण उडून कॅमेरावाल्याचा डोळा जाईल." पण तिने घातलेली शिवण उसवली, असं कुणी कधी ऐकलं नव्हतं. त्याचा तिला भारी तोरा होता.

तो तोरा तिने एका आठ वर्षांच्या पोरीपायी घालवला.

चित्रपट छोटा होता आणि विषय अंगावर काटा आणणारा. घरात येणारा-जाणारा, सगळ्यांचा लाडका काका एका लहान मुलीला छळतो आणि घरातल्या कुणाच्या ते लक्षातच येत नाही, अशी गोष्ट. पडद्यावर तसलं काही दाखवायचं नव्हतं. सगळं त्या मुलीच्या चेहऱ्यावरून कळायला हवं होतं. मुलीचं काम करणारी पोर एका जागी बसेल तर शपथ, म्हणून सेटवर सगळे तिला भिंगरी म्हणत. आई रोज सोबत यायची, पण शॉट सुरू झाला की बाहेर जाऊन बसायची. तिच्याच्याने बघवत नसे. काका झालेला नट मात्र अगदी देवमाणूस होता. प्रत्येक शॉटआधी तो भिंगरीला दोन्ही कान हलवून दाखवायचा. कान हलले की तिला कळायचं, आता खोटं खोटं सुरू.

पहिल्याच दिवशी मावशीने तिच्या फ्रॉकच्या उजव्या खिशात, आतल्या बाजूला, एक जाडजूड बटण शिवलं.

"भीती वाटली, कंटाळा आला, काहीही झालं, तरी खिशात हात घालून हे घट्ट धरायचं," ती म्हणाली. "पुढचं मी बघते."

"तू काय करशील?"

"ओरडेन. आपलं दोघींचं गुपित. तुझ्या आईला तेवढं सांगितलंय."

मोठ्यांच्या तोंडावर 'नको' म्हणणं मुलांना जमत नाही. चित्रपटाची गोष्ट तरी दुसरी काय होती! आणि दिग्दर्शिका मॅडम मनाने चांगल्या असल्या, तरी 'बाळा, आता शेवटचं एकदाच' हे त्या दिवसातून दहा वेळा म्हणायच्या.

मग झालं असं, की ऐन शॉटमध्ये मावशी ओरडायची, "थांबा, शिवण उसवली!" आणि भिंगरीला उचलून पडद्याआड न्यायची. एकदा भिंगरीला अंधाराची भीती वाटली होती. एकदा नुसती शू लागली होती. एकदा तर बटण खरंच चालतं का, एवढंच तिला बघायचं होतं. चौथ्या वेळी सेटवर खसखस पिकली. "मावशी, चष्म्याचा नंबर वाढला वाटतं," लाइटवाला म्हणाला. एरवी मावशीने त्याची सालटी काढली असती. त्या दिवशी तिने निमूट सुई-दोरा काढला आणि धडधाकट फ्रॉक शिवायला घेतला.

कपाटाचा प्रसंग आला त्या सकाळी काका झालेला नट कोपऱ्यात पाठ फिरवून बसला होता. कुणाशी बोलेना. दात दुखत असेल, असं मावशीला वाटलं. भिंगरी कपाटात जाऊन बसली, दार किलकिलं ठेवलं आणि बाहेरून बुटांचा आवाज जवळ येऊ लागला. पोरीचा चेहरा असा काही झाला की सगळे श्वास रोखून बघत राहिले. मावशीही. पोरीचा हात खिशात गेला, तरी मावशीच्या मनात आलं, काय काम करतेय गं बाई! मग मावशीची नजर खिशावर गेली. आतून मुठीने कापड इतकं आवळलं होतं की धागे ताणले होते.

"शिवण उसवली!"

पडद्याआड भिंगरी तिला बिलगली. मग म्हणाली, "आज उशीर केलास." आणि थोड्या वेळाने, "काकांनी कान नाही हलवले. ते खरेच रागावलेत."

मावशी तरातरा मॅडमपुढे जाऊन उभी राहिली.

"आजचा दिवस तिच्याशी बोलू नका, एवढंच मी त्यांना सांगितलं होतं," मॅडम म्हणाल्या. "मावशी, असा शॉट पुन्हा मिळणार नाही."

मावशीने कॉलरची एक टाचणी उपसली आणि त्यांच्यासमोर धरली. "अहो मॅडम, ही टोचून मीसुद्धा तिला असंच रडवलं असतं. त्याला काय अभिनय म्हणायचं? ती काम करत नव्हती. घाबरली होती." मग तिने बटणाचं सगळं सांगितलं. "तीस वर्षांत माझी एक शिवण उसवलेली नाही. तुम्हाला कुणालाच कसं खटकलं नाही?"

मॅडम खाली बसल्या. त्यांनी तो शॉट भिंगरीसमोर पुसून टाकला आणि तिची माफी मागितली. नट तर ओक्साबोक्शी रडला आणि रडता रडता कान हलवत राहिला.

दोन दिवसांनी तो प्रसंग पुन्हा घेतला. कान आधी हलवून झाले होते. हात खिशाकडे गेलासुद्धा नाही. चित्रपटात आहे तो हा शॉट.

पहिला खेळ दुपारचा होता. मावशीच्या एका बाजूला भिंगरी, पलीकडे तिची आई. पडद्यावर कपाटाचं दार किलकिलं झालं आणि मागच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला.

"इथे ना, मला शिंक येत होती," भिंगरी कानात कुजबुजली.

मावशीला हसू आलं नाही. तिला तो दुसरा शॉट दिसत होता, जो आता कुठेच नव्हता. आपण बघत राहिलो ते चार क्षण तिला विसरता येत नव्हते. तिने डोळ्यांना पदर लावला. तिच्या दुसऱ्या हातात भिंगरीने काहीतरी कोंबलं. जाडजूड, गोल, चार भोकांचं.

"भीती वाटली की घट्ट धर," ती म्हणाली. "पुढचं मी बघते."

मावशीने मूठ आवळली.

"थांबा, शिवण उसवली!" भिंगरी भर थिएटरात ओरडली. तिने जराही उशीर केला नाही.