मामांचं बाटल्या उठवणारं यंत्र
पडलेली वस्तू आपली आपण उभी राहावी म्हणून झुरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमचे थोरले मामा. येडशीला त्यांचा कापसातली सरकी काढायचा जिन होता आणि मी तिथंच कामाला होतो. जेवताना तांब्या कलंडला तर मामा तो उचलत नसत. कुठून दोरी ओढली तर हा उठेल, याचा विचार करत बसत. पाणी मामींच्या पाटाखाली जाई. मामी निमूटपणे पाट बदलत.

निजामाच्या अमलात धाराशिवच्या क्लबात साहेबलोक एक खेळ खेळत. गुळगुळीत फळ्यांवरून जड गोळा सोडायचा आणि टोकाला मांडलेल्या लाकडी बाटल्या पाडायच्या. त्या पुन्हा मांडायला रहीमचाचा नावाचे म्हातारे गृहस्थ मागं उकिडवे बसत. मामा एकदा पाहुणे म्हणून गेले असताना गोळा चाचांच्या घोट्यावर बसला. मामांनी त्यांना स्वतः उचलून खुर्चीवर बसवलं आणि साहेबांकडून यंत्र करायची परवानगी घेऊनच घरी आले.

मग जिन माझ्या गळ्यात पडला. मामांनी प्रत्येक बाटलीच्या डोक्याला दोरी बांधून ती वरच्या चौकटीतून ओढली. बाटल्या उठल्या, पण झोके घेत एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मामांनी घरातली नरसाळी नेली, उरलेली बाजारातून आणली, आणि एकेका दोरीवर एकेक उपडं बसवलं. डोकं नरसाळ्यात शिरलं की बाटलीचं डुलणं बंद. शेवटी मागं एक फळी अशी टांगली, की गोळा तिच्यावर आदळताच दोऱ्यांना बांधलेली वजनं सुटून सगळं आपोआप चालावं.

त्या संध्याकाळी क्लबात आम्ही तिघंच होतो. मी गोळा सोडला. बाटल्या पडल्या, कुणाचाही हात न लागता वर गेल्या आणि शहाण्या मुलींसारख्या जागेवर येऊन उभ्या राहिल्या.

रहीमचाचांनी एका बाटलीला हात लावून पाहिला. मग हळूच म्हणाले, "मालक, लई झाक झालं. आता म्या कुठं जाऊ?"

मामांनी पाना मागितला, ती फळी सोडवली आणि तिच्या जागी हातानं ओढायचा एक दांडा बसवला. दांड्याजवळ, गोळ्यापासून लांब, खुर्ची ठेवली. दुसऱ्या दिवशी साहेबलोकांनी कौतुक केलं ते दांड्याच्या यंत्राचं. चाचा खुर्चीत नवाबासारखे बसले होते.

पुढं निजामाचं राज्य गेलं, क्लब बंद पडला, चौकट कुणी नेली कळलं नाही. चाचाही गेले. म्हातारपणी मामा कधी कधी माझा हात धरून विचारत, "ते आपोआप चाललं होतं ना रे? तू बघितलंस ना?"

"व्हय मामा, बघितलं," मी म्हणे. तेवढ्यानं त्यांना झोप लागे.