स्क्रूवरच्या लाल टिकल्या

मी संशयी आहे. लाजून सांगत नाही. निम्मं आयुष्य मला पगार त्याचाच मिळाला. ज्या सरकारी कारखान्यासाठी आम्ही महाराष्ट्रातून झाशीला आलो, तिथं मी तपासणी विभागात आहे. दुसऱ्यानं आवळलेला बोल्ट खरंच आवळलाय का बघायचं आणि बघून झालं की त्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका तडकला की समजायचं, कुणीतरी हात लावलाय. नवरा म्हणतो, "ही भाजीच्या कढईलासुद्धा ठिपका लावेल." म्हणू दे. दोन वर्षांपूर्वी बस स्टँडकडच्या एकानं नव्या बॅटरीच्या खोक्यात जुने सेल घालून दिले होते, ते मीच पकडले होते, नवऱ्यानं नाही.

सासऱ्यांची छाती तेव्हापासूनच अधू. नाकात नळी आणि उशाशी हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन. वीज गेली की मशीन इन्व्हर्टरवर, आणि इन्व्हर्टरची बॅटरी त्यांच्या खाटेखालच्या लोखंडी डब्यात. डब्यात चार मोठे सेल आणि त्यांच्यावर तळहाताएवढा एक बोर्ड. हा बोर्ड म्हणजे बॅटरीचा राखणदार. पाच बारीक वायरी एका पांढऱ्या प्लगातून त्याच्यापर्यंत येतात आणि कुठला सेल किती भरलाय ते त्याला कळतं. बोर्ड गेला की सेल धडधाकट असूनही सगळी बॅटरी आडवी.

यंदा ऐन मे महिन्यात तो बोर्ड गेला. नवरा कामासाठी भोपाळला. शेजाऱ्यांनी लक्ष्मी तालाकडच्या एका मिस्त्रींचं नाव सुचवलं. पन्नाशीचे गृहस्थ, ई-रिक्षांच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारे. दारात येऊन म्हणाले, "वहिनीजी, आम्हीपण मराठीच. आमचे पूर्वज इकडं फौजेतून आले, तेव्हापासूनचे. फिकर नका करू, सगळं ठीक करून देतो."

इकडं कुणी मराठी बोललं की माझ्या मैत्रिणींना माहेरचं माणूस भेटल्यासारखं होतं. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. अरे, बॅटरी बघायला आलास ना? मग पूर्वज कशाला काढतोस? मी ठरवून हिंदीत म्हणाले, "भैया, सेल वही रहने चाहिए, सिर्फ बोर्ड बदलना।"

त्यांनी डबा न्यायच्या आधी मी चारही सेलांच्या कडेला नेलपॉलिशची एकेक बारीक टिकली लावून ठेवली. लाल. सहज दिसणार नाही अशा जागी.

दोन दिवसांनी डबा परत आला. बोर्ड नवा, हिरवा दिवा लागलेला, मशीन सुरू. रिकामं खोकं आणि त्यातला वायरींचा कागद त्यांनी माझ्या हातात दिला. मी त्यांच्यादेखतच डब्याच्या सहाही स्क्रूंवर नेलपॉलिश लावलं. "अब कोई खोलेगा तो पता चलेगा," म्हटलं. ते हसले. "चांगली युक्ती आहे, वहिनीजी."

हसले कशाला? इतकं मोकळं हसायचं कारण काय? कुठंतरी पाणी मुरतंय असं वाटून मला रात्रभर नीट झोप नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकली, जेवणं झाल्यावर इन्व्हर्टरचं बटण बंद केलं आणि डबा खाटेखालून ओढला. माझ्याच टिकल्या फोडून मी स्क्रू काढले.

चारही सेलांवर लाल टिकली. जशीच्या तशी. जागची हललेली नाही.

तिथंच झाकण लावायचं होतं. पण संशयी माणसाला काही सापडलं नाही ना, की त्याचा जीव अजूनच खालीवर होतो. मी कागद उघडला, प्लग उपसून हातात धरला. कागदावर काळी वायर डावीकडे पहिल्या पिनेला. प्लगात काळी उजवीकडे! बाकीच्या चार लाल वायरींचा क्रमही उलटा. मनात म्हटलं, सापडलास! बॅटरी चालू होती हे खरं, पण चालतंय म्हणजे बरोबर आहे असं मी कधीच मानत नाही. चुकीची वायर महिनाभर गुमान चालते आणि एक दिवस घर पेटवते.

मी सुई घेतली, प्लगातली एकेक पिन दाबून सोडवली आणि कागदाप्रमाणे बसवायला लागले. बाबा खाटेवरून बघत होते. सासऱ्यांना एका दमात तीन-चार शब्दांपलीकडे बोलता येत नाही. ते म्हणाले, "सूनबाई... राहू दे ते."

"बाबा, तुम्ही बोलू नका बरं, दम लागतो," मी म्हटलं.

मीटर लावून मोजलं. काळ्या वायरीपासून आकडा जिन्यासारखा चढत गेला: शून्य, तीनच्या वर, साडेसहा, दहा, तेरा. झकास. प्लग बोर्डात बसवला. चट् असा आवाज आला, बोर्डाच्या कोपऱ्यातून धुराची रेघ निघाली आणि हिरवा दिवा विझला.

मशीन तेव्हा घरच्या विजेवर चालू होतं, म्हणून वाचलो. कागद पुन्हा हातात घेतला, तेव्हा तळाशी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत एक ओळ दिसली. चित्र प्लगाच्या वायरींच्या बाजूनं काढलेलं होतं, आणि मी बघत होते तोंडाच्या बाजूनं. आरशातल्यासारखं सगळं उलटं. कारखान्यात नव्या माणसाला मी पहिला प्रश्न हाच विचारते, "तू कुठल्या बाजूनं बघतोयस?" मला विचारायला त्या दुपारी कुणी नव्हतं. होते ते बाबा, आणि त्यांना मी गप्प बसवलं होतं.

पुढचं सांगताना अजून कान तापतात. मी झाकण लावलं, सहा स्क्रू आवळले आणि त्यांवर नवं नेलपॉलिश लावलं. मग मिस्त्रींना फोन केला. "क्या काम किया है आपने? एक दिन में बंद!"

ते चिरगावला होते. म्हणाले, "बोर्ड घेऊन येतो, तासाभरात पोचतो. काकाजींना सांभाळा." फोन ठेवला आणि पाच-दहा मिनिटांत वीज गेली.

कोपऱ्यात एक लहान सिलिंडर असायचा, अडीअडचणीला. नळी त्याला जोडली. त्याचा काटा आधीच निम्म्यावर होता. मी काट्याकडे बघायची, बाबांच्या ओठांकडे बघायची आणि पुन्हा काट्याकडे. त्या तासात मला खरं सांगायला कुणी अडवलं होतं का? नाही. फोन हातातच होता.

मिस्त्री आले तेव्हा काटा लाल पट्ट्यात शिरला होता. शर्ट घामानं भिजलेला. खाली बसून त्यांनी डबा ओढला आणि सहाही स्क्रू निरखले. "टिकल्या शाबूत आहेत," म्हणाले. "कुणी उघडला नाही ना, वहिनीजी?"

"नाही," मी म्हटलं. पहिल्यांदा त्यांच्याशी मराठीत बोलले, ते हे.

"म्हणजे आतलं काम माझंच. बोर्डच कच्चा निघाला," ते स्वतःशीच पुटपुटले. त्यांना घाई होती, काट्याकडे त्यांचंही लक्ष होतं. आधीचं काम स्वतःचं, मग परत मोजायचं कशाला? त्यांनी जळका बोर्ड काढला, नवा बसवला, जाड वायरी आवळल्या आणि तो पांढरा प्लग चिमटीत धरून बोर्डाकडे नेला. मी उलटा केलेला प्लग. त्यांच्याकडे दुसरा बोर्ड नव्हता. मला सगळं दिसत होतं, सगळं कळत होतं, आणि तरी मी नुसती सिलिंडरचा काटा बघत राहिले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या डोक्यात तर भर दुपार होती.

बाबांनी नाकातली नळी बाजूला केली.

"थांब रे," ते म्हणाले. दम घेतला. "सूनबाईनं... उघडला होता." पुन्हा दम. "वायरी... फिरवल्यात तिनं."

मिस्त्रींचा हात जागच्या जागी राहिला. मी धावत जाऊन बाबांची नळी सारखी केली. त्यांच्या नखांवर निळसर झाक आली होती. माझ्या एका 'नाही'पायी त्या माणसानं आपला श्वास खर्चला होता.

मिस्त्री माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही चार शब्द बोलून मोकळी झाले असते. त्यांनी सुई मागितली, पिना मूळ जागी बसवल्या आणि मीटर माझ्या हातात दिला. "मोठ्यानं वाचा." मी वाचत गेले. तेराला पोचल्यावर त्यांनी प्लग बसवला, हिरवा दिवा लागला, मी इन्व्हर्टरचं बटण दाबून नळी परत मशीनला जोडली, मशीननं घर्र करून श्वास धरला. बाबांच्या ओठांवर रंग यायला वेळ लागला, तोवर आम्ही दोघंही जमिनीवरच बसून होतो.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "तुमच्यावर आळ घेतला मी."

"सेलांवरच्या टिकल्या मी दुकानातच पाहिल्या होत्या," ते म्हणाले. "राग आला होता, वहिनीजी. मग म्हटलं, घरात आजारी माणूस आहे, घाबरलेल्या असतील. पण आजचं..." झाकण लावून म्हणाले, "ती बाटली आणा."

मी नेलपॉलिश आणून दिलं. त्यांनी स्वतःच्या हातानं सहाही स्क्रूंवर टिकल्या लावल्या, फुंकर घालून वाळवल्या, बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि ती आपल्या खिशात टाकली.

मी परत मागितली नाही. आता ते दर महिन्याला बॅटरी बघायला येतात. बाबांना नमस्कार करतात, वाकून डब्याचे स्क्रू बघतात, आणि मग मला विचारतात, "कशा आहात, वहिनीजी?"