दुसऱ्या माणसाची जागा

त्याला सगळे दोरीवाला म्हणत आणि तिला दोरीवाली. दोऱ्या वळायचा किंवा विकायचा धंदा काही त्यांचा नव्हता. त्यांचं होतं बटाट्याचं शेत, टेकडीच्या पायथ्याशी, लांबट आणि अरुंद. आणि ते अख्खं शेत दोघं मिळून एकाच फावड्याने करत.

फावडं लांब दांड्याचं, पातं ताटाएवढं रुंद. दांड्याच्या बुडाशी, पात्याच्या जरा वर, दोर बांधलेला. तो दांडा धरून पातं मातीत रोवायचा, ती समोर उभी राहून दोर ओढायची, की मातीचा हा एवढा ढिगारा उचलून वरंब्यावर जाऊन पडायचा. रोव, ओढ. रोव, ओढ. एकट्या माणसाला जे फावडं जागचं हलवता आलं नसतं, ते दोघांच्या हातात घरातल्या झाडूसारखं फिरायचं. लग्नानंतर वर्षभरात सुरू झालेला हा उद्योग मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेने गेली तरी चालूच होता. लोक चेष्टा करत, पण बांधावर थांबून बघतही, कारण बघण्यासारखंच होतं ते. घरी कडाक्याचं भांडण झालेल्या दिवशीसुद्धा दोघांचा ताल चुकायचा नाही. माती जरा जास्त लांब पडायची, एवढंच.

मग एका सकाळी तिला केस विंचरायला हात वर नेता येईना. दोन-चार दिवस तिने ते लपवलं, वेणी एका हाताने घालायचा खटाटोप केला, शेवटी त्याच्याच लक्षात आलं. डॉक्टरने उजवा खांदा दाबून, फिरवून पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. “दोर बंद. आणखी ओढलात तर हा हात जेवणाच्या ताटापर्यंतही जाणार नाही.”

म्हणजे एक तर शेत शेजाऱ्याला खंडाने द्यायचं, नाहीतर यंत्र घ्यायचं. पैशांची सोय झाली. कशी झाली ते सांगत बसत नाही. सगळ्यांची होते तशीच झाली, रडतखडत. खरा घोर वेगळाच होता, आणि तो तिने घरी येतानाच बोलून दाखवला.

“यंत्र आलं की तुम्ही जाल शेतात. मी काय करायचं? दारात बसून तुमचा धूर बघायचा?”

“अगं, तुझ्याशिवाय कसं होईल? जिथे तिथे दोन माणसं लागतातच की,” तो म्हणाला. आणि हे त्याने तिची समजूत घालायला म्हटलं नव्हतं. त्याला खरोखरच तसं वाटत होतं. ज्याने उभ्या जन्मात एकट्याने एक सरी ओढली नाही, त्याला दुसरं काय वाटणार?

म्हणून दोघं इस्त्रीचे कपडे घालून निघाले, आणि जिथे जातील तिथे एकच प्रश्न विचारत गेले: दुसऱ्या माणसाने कुठे बसायचं?

पहिलं दुकान काचेचं होतं. आतली फरशी इतकी चकचकीत, की त्याने दारातच चपला काढल्या आणि विक्रेत्याने त्याला त्या परत घालायला लावल्या. मधोमध एक छोटा ट्रॅक्टर उभा. त्याने मोठे ट्रॅक्टर रस्त्यावरून जाताना पुष्कळ पाहिले होते, दरवेळी काम थांबवून पाहिले होते. पण एवढा जवळून, एवढा आटोपशीर, जणू आपल्याच सऱ्यांच्या मापाने बेतलेला, असा कधी पाहिला नव्हता. मागच्या चाकांच्या खाचांत त्याची चार बोटं मावत होती. त्याने ती घालून बघितली.

टाय लावलेल्या तरुण विक्रेत्याने सीटशेजारचा एक दांडू उचलला. मागे जोडलेला माती भुसभुशीत करायचा रोटाव्हेटर, दोन गडी लावूनही हललं नसतं असं लोखंडी धूड, काही न बोलता वर आला आणि हवेत थांबला.

दोरीवाल्याने आ वासला. “खाली घ्या,” तो म्हणाला. रोटाव्हेटर खाली आला. “वर घ्या.” वर गेला. असं चार-पाच वेळा झाल्यावर बायकोने त्याचा शर्ट ओढला.

“आणि दुसरा माणूस कुठे बसतो?” तिने विचारलं.

विक्रेत्याला वाटलं, बाईंनी नेमकं त्याच्या पाठांतरातलंच विचारलं. तो खुलून म्हणाला, “हीच तर मजा आहे काकू! दुसऱ्याची गरजच नाही. एकटा माणूस सगळं शेत करतो.” हे वाक्य तो रोज म्हणत असणार आणि रोज लोक खूश होत असणार. इथे मात्र दोरीवाली वळली आणि सरळ दाराबाहेर गेली. दोरीवालाही मागोमाग गेला, पण रस्ता ओलांडेपर्यंत तीनदा मान वळवून बघत.

दुसरा डीलर म्हणजे नुसता गडगडाट. त्याच्या आवारात अवजारांचे ढीगच्या ढीग. नांगर, ट्रॉली, गवत कापायची पाती, खांबासाठी खड्डे पाडायचं गिरमिट, पुढे लावायचं माती उचलायचं सूप. डीलर प्रत्येकावर थाप मारून ओरडत होता, “हे लावा, हे काढा! पिन घातली की झालं! एक ट्रॅक्टर, दहा कामं!” दोरीवाल्याचं भान हरपलं. एवढीशी ती गाडी आणि काय काय करते! त्याने गिरमिटाच्या पीळदार लोखंडावरून हात फिरवला. त्यांच्या शेताला कुंपण नव्हतं, खांब पुरायचे नव्हते, तरीही त्या क्षणी त्याला गिरमिट हवं होतं. सूपही हवं होतं. डीलर त्याला सीटवर बसवून म्हणाला, “बघा, राजासारखे दिसताय,” आणि त्याला ते पटलं.

“आणि मी कुठे बसू?” खालून प्रश्न आला.

“तुम्ही घरी बसा काकू!” डीलर मनापासून हसला. “आयुष्यभर राबलात, आता आराम करा!”

माणूस वाईट नव्हता. आपण काहीतरी छान बोललो असंच त्याला वाटत होतं. पण दोरीवाल्याने वरून बायकोचा चेहरा बघितला. उजवा हात डाव्या हाताने धरून ती उभी होती, आणि एखाद्या लग्नाच्या पंगतीतून उठवून लावावं तशी दिसत होती. त्याचं राजेपण तिथल्या तिथे उतरलं. तो खाली आला. डीलर मागून सवलतीवर सवलत ओरडत राहिला, फाटकापर्यंत.

बसची वाट बघताना ती म्हणाली, “घेऊन टाका तुम्ही कुठला तरी. माझ्यासाठी अडून बसू नका.”

“गप्प बस,” तो म्हणाला. एरवी त्याने असं म्हटलं असतं तर तिने सव्याज परत केलं असतं. त्या दिवशी खरंच गप्प बसली. त्याला त्याची भीती वाटली.

तिसऱ्या दुकानाला दुकान म्हणायचं तर मन मोठं करावं लागलं असतं. पत्र्याची शेड, आत अर्धा उघडलेला ट्रॅक्टर, आणि त्याच्या पोटातून बाहेर आलेले दोन पाय. ते पाय मालकिणीचे निघाले. तिने चिंधीला हात पुसले आणि किती ताकदीचा पाहिजे, कुठला रंग आवडतो, यातलं काहीच न विचारता म्हणाली, “मावशी, लावता काय शेतात?”

“बटाटे.”

“आतापर्यंत कसे करत होता?”

मग दोघांनी तिला दाखवलंच. शेडच्या मोकळ्या जमिनीवर, हातात फावडं नसताना, दोर नसताना. त्याने रोवलं, तिने दुखऱ्या खांद्याला सांभाळत नुसतं ओढल्यासारखं केलं. मालकीण हसली नाही. तिने दोनदा करून दाखवायला लावलं.

“म्हणजे काम दोघांचं आहे,” ती म्हणाली. “मडगार्डवर बसायचं मनात असेल तर ते विसरा, पडाल आणि चाकाखाली जाल. आधी अवजार बघा. अवजार ठरलं की त्याला झेपेल तो ट्रॅक्टर मी सांगते. लोक उलटं करतात आणि मग माझ्याकडे रडत येतात.”

शेडच्या मागे ताडपत्रीखाली बटाटे लावायचं यंत्र होतं. पुढे सरी फाडायचा फाळ, मागे माती ओढून वरंबा करणाऱ्या दोन तबकड्या, मधे बियाण्याची पेटी आणि एक नळा. आणि त्या नळ्याच्या मागे, पाय ठेवायला आडव्या पट्टीसकट, लोखंडाची बैठक. बसलेल्या माणसाने पेटीतलं बी उचलून नळ्यात सोडायचं. सोडलं नाही तर यंत्र आपलं रिकामी सरी झाकत जाणार.

“म्हणजे हिच्यावाचून चालायचंच नाही?” दोरीवाल्याने विचारलं.

“बसणाऱ्या माणसावाचून काडीचं काम व्हायचं नाही.”

त्याने त्या बैठकीकडे पाहिलं. रंग उडालेला, एका बाजूला चेमटलेली. काचेच्या दुकानात त्याचे डोळे दिपले होते, पण इथून त्याची नजर हलेना. बायको केव्हाच तिच्यावर जाऊन बसली होती आणि डाव्या हाताने हवेतून बटाटे सोडत होती.

“आधी तुमच्या शेतात चालवून बघा,” मालकीण म्हणाली. “मग घ्यायचं का ते बोलू.”

ठरल्या दिवशी टेंपोतून ट्रॅक्टर उतरला. मालकिणीने क्लच, ब्रेक, गिअर दाखवले, सगळ्यात सावकाश गिअर टाकून दिला. तो पुढे बसला, ती मागे, ट्रॅक्टरला पाठ करून. यात विचारायचं काय होतं? फावडं नेहमी त्याच्याच हातात असायचं.

गाडी हलली आणि त्याच्या अंगावर काटा आला. फाळ जमिनीत शिरला तरी त्याला काही जाणवलं नाही, ना पाठीत, ना मनगटात. ज्या मातीने त्याची आयुष्यभर हाडं मोडली ती अशी लोण्यासारखी बाजूला होत होती, की त्याला एकीकडे हात जोडावेसे वाटले आणि दुसरीकडे जरा रागही आला. एवढं सोपं होतं? मग आपण काय करत होतो इतकी वर्षं?

“डावीकडे!” मागून ओरडा आला. “अहो, डावीकडे! आता उजवीकडे घ्या! कुठे निघालात?”

शेताच्या टोकाला गाडी थांबवून त्याने मागे पाहिलं. सरी कसली, दारुड्याच्या चालीची खूणच ती. दुसरी त्याहून वाईट, शेवटी शेवटी पहिलीत घुसलेली. मालकीण बांधावर हाताची घडी घालून उभी होती. अशा सऱ्यांत पाणी चढायचं नाही, पीक यायचं नाही. दोरीवाला खाली उतरला.

“गाडीत काही बिघाड आहे,” तो म्हणाला. “माझी सरी कधी वाकडी जात नाही. विचारा कुणालाही.”

“बिघाड तुमच्या मानेत आहे,” बायको बैठकीवरून उतरत म्हणाली. “मी मान वळवून पाहिलं, सारखे मागे खाली फाळाकडे बघताय. आयुष्यभर पात्याकडेच बघत आलात.”

“मग सरळ कशी जायची?”

“मी बघायचे ना समोर. बांधावरच्या त्या दगडावर नजर ठेवायची. तुम्ही इकडे सरकलात की दोर जरा तिकडून ओढायचा. तुम्ही आपोआप लायनीत यायचात.” ती हे इतक्या सहज म्हणाली, जसं काही मीठ कुठे ठेवलंय ते सांगत होती. “मला वाटलं तुम्हाला माहीत आहे.”

त्याला माहीत नव्हतं. इतकी वर्षं, इतक्या सऱ्या, बांधावर थांबून लोकांनी वाखाणलेलं ते सरळ काम, आणि त्याला वाटायचं आपण करतो आणि ही मदत करते. राग यायला हवा होता, तो आलाच नाही. समोर उभी असलेली ही बाई आपल्याला पुरती माहीत आहे असं तो धरून चालला होता, आणि आज ती टेकडीएवढी मोठी दिसत होती.

“मग गाडी तूच घे. पण खांदा?” त्याने विचारलं.

“स्टिअरिंग एका बोटाने फिरतं,” बांधावरून मालकीण म्हणाली. “आणि फाळ उचलायचा दांडू मांडीशेजारी आहे, हात वर करायचं कामच नाही. बसा मावशी.”

ती बसली. पहिल्यांदा गाडीने असा हिसका दिला की ती देवाचं नाव घेऊन ओरडली. दुसऱ्यांदा जरा कमी. तिसऱ्यांदा गाडी नीट चालायला लागली. मग तिने मान वर केली, डावा हात स्टिअरिंगवर ठेवला आणि गाडी निघाली.

तो मागे, लोखंडी बैठकीवर, ट्रॅक्टरला पाठ करून. त्याच्या पायाखालून सरी बाहेर पडत होती. आधी हातभर, मग पुरुषभर, मग लांबच लांब, आखल्यासारखी, दोन्ही तबकड्यांनी वर ओढलेला वरंबा काठाला धार असल्यासारखा. कुठे बाक नाही, कुठे लचका नाही. आजवर झालेल्या कामाकडे त्याने असं निवांत बसून कधी पाहिलंच नव्हतं; पातं, माती आणि पुन्हा पातं, यापलीकडे त्याची नजर गेली नव्हती. हे तिला रोज दिसत होतं तर. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याने पुसलंही नाही, कारण पुसताना तेवढी सरी बघायची राहिली असती.

टोकाला गाडी थांबली. बायको उतरून मागे आली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता आणि त्यावरचं हसू तिला आवरत नव्हतं. मग तिने पेटीत डोकावून पाहिलं. पेटी ती उतरली तेव्हा होती तेवढीच भरलेली.

“अहो,” ती म्हणाली, “बी कुठाय?”

त्याने पेटीकडे पाहिलं, नळ्याकडे पाहिलं, आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. अख्खी सरी कोरी झाकली गेली होती. एकही बटाटा पडला नव्हता.

बांधावर मालकीण पोट धरून हसत होती. दोरीवालीने कमरेवर हात ठेवला, त्याच्या ओल्या डोळ्यांकडे जरा वेळ बघितलं, आणि बांधाकडे वळून ओरडली, “ताई, टेंपो रिकामाच न्या. हे इथेच राहतंय.” मग ती पुन्हा वर चढून बसली.

“आता तुम्ही खाली बघा आणि बी टाका,” ती म्हणाली. “सरळचं मी बघते.”