कूलंटचा गोडसर वास

पेट्रोल पंपावर शेजारच्या गाडीतून कूलंटचा गोडसर वास आला आणि औशाची ती चहाची टपरी आठवली. लातूरला टर्बो बदलून निघालेली आमची गाडी तिथं तापली होती. आबा, माझे वडील, रेडिएटर बघत होते, दादा होजपाइप चाचपत होता. आमच्या घराण्यातली पहिली इंजिनिअर मी. वासाच्या दिशेनं वाकले. टर्बोला कूलंट नेणाऱ्या पाइपाशी हिरवा थेंब चरचरत होता.

"आबा, बोल्टखाली जुनंच वायसर बसवलंय. आवळून बघा."

दादानं पान्हा फिरवला. गळती थांबली.

"माझं पोरगं लई हुशार हाय!" चहावाल्याला सांगत आबांनी दादाची पाठ थोपटली.

दादावर मी आजही जळते. तेव्हा वाटलं, आबांनी मला बघितलंच नाही. आता वाटतं, गळती मीच शोधली हे नीट बघितलं होतं; ते झाकायलाच त्याची पाठ एवढ्या जोरात थोपटली.