दिवा खाली बांध

विधवेच्या हातून नवरीचा चुडा भरत नाहीत.

माझी आई विधवा होती. मुरुमच्या बाजारात मोठ्या छत्रीखाली बसून बांगड्या भरायची.

आज तिला जाऊन वर्ष झालं.

वडील गेल्यावर दुकान तिच्या एकटीकडे आलं. रोजच्या बांगड्यांना बायका येत. नवरीला घेऊन आलेल्या विचारत, "मालक कुठंयत?"

उत्तर ऐकलं की पुढच्या दुकानात.

आई पदर पुढे ओढून बसू लागली.

शेतातली कामं उरकून बायका बाजारात येईपर्यंत अंधारायचं. वीज जायची. हिरवी कुठली, निळी कुठली, कळायचं नाही. म्हणून मी ऑनलाइन एक दिवा मागवला. छत्रीच्या दांड्याला क्लिपनं बसणारा, गोल, बॅटरीवरचा. खोक्यावर हिरवळीवर छत्रीखाली जेवणाऱ्या गोऱ्या लोकांचा फोटो.

आई म्हणाली, "ह्यांला घरात जागा न्हाय व्हय?"

मी दिवा वर बसवला. उजेड बांगड्यांवर पडेल, तिच्यावर कमी.

ती बघत राहिली. मग म्हणाली, "खाली बांध."

"खाली तुझ्या तोंडावर येईल."

"येऊ दे. जिला भरायचं तिनं बघून भरावं."

पदर मागे सारला. मोकळं कपाळ, मोकळे हात.

त्या बाजारी माकणीची एक आज्जी नातीला घेऊन आली. लग्नाचा चुडा. आई मुलीचा तळहात दाबून मऊ करत होती. आज्जी थांबली.

"बाई, मालक?"

"गेले. कपाळ दिसतंय की, आक्का."

आज्जीनं नातीचा भरलेला हात उचलून पाहिला. मग नातीला विचारलं, "दुखतंय का गं?"

"न्हाय आज्जी. कळंना बी."

"मग बस. दुसरा हात दे."

चुडा भरताना बांगडी फुटली तर आपल्याकडे फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. दुसऱ्या कुणाच्या हातून वाढली असती तर लोक विसरले असते. आईच्या हातून वाढली असती तर तिचं दुकान उठलं असतं.

म्हणून त्या दिव्याला ती जपायची.

बाजाराच्या आदल्या दिवशी सेल चार्जरला. बाजार झाला की सेल बाहेर, नाहीतर आत पाणी सोडतात. धूळ कोरड्या फडक्यानं पुसायची, ओल्या नाही. छत्री मिटायच्या आधी दिवा उतरवायचा. मग जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून काचेच्या बांगड्यांच्या पेटीत.

"चुडा अर्धा असताना हा मंद झाला तर लोक दिव्याला न्हाय, मला बोल लावतील."

तो कधी मंद झाला नाही.

माझं लग्न ठरलं. आत्या म्हणाली, "चुडा सवाष्णीकडून भरू. वैनी, तुमी आत बसा."

आई आत बसली. बाजार गाजवणारी बाई, घरात गप्प.

बाजाराच्या दिवशी मी मुरुमला गेले. छत्रीखाली बायकांच्या रांगेत बसले. नंबर आल्यावर आईपुढे हात केला.

"बाय, घरी भरला असता की."

"घरी आत्या आहे."

रांगेतल्या बायका हसल्या. आईही हसली. ऊन अजून उतरलं नव्हतं. तरी तिनं दिवा लावला.

एकही बांगडी वाढली नाही.

आत्यानं चुडा हातात धरून पाहिला. म्हणाली, "नीट बसलाय." एवढंच. मला तेवढं पुरलं.

छत्री आता शोभामावशींकडे आहे. शेवटची काही वर्षं त्या आईजवळ काम शिकल्या. त्यांचे मालकही गेले आहेत. दिवा त्यांनाच द्यायचा, असं आईनं सांगून ठेवलं होतं.

काल बाजारात जाऊन आले. एक नवरी बसली होती. मागे तिची आई, सासू, चुलत्या.

मी लांबूनच पाहिलं.

मावशींनी दिवा खालीच बांधलाय.

आई, तुझ्या छत्रीला, तुझ्या मोकळ्या हातांना नमस्कार.